माहेरडोहातली मुकी

"पाण्यात फक्त सुनांनी उतरायचं," धाकू गुरव म्हणाले. "गावच्या लेकींनी न्हाय, बाप्यांनी न्हाय, आन् पाव्हण्यांनी तर न्हायच न्हाय."

मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातमोजे चढवून शेवटच्या पायरीवर उभी होते. पुण्याहून एसटीचे धक्के खात आले होते. समोर नितळ पाण्यात माझ्या प्रबंधाचे मासे शेपट्या हलवत फिरत होते आणि पंचा नेसलेले, हातात कुरमुऱ्यांची पिशवी घेतलेले हे म्हातारे गृहस्थ मला नियम ऐकवत होते. मी मनातल्या मनात बरंच काही बोलले. तोंडाने एवढंच म्हणाले, "मग आता काय करायचं, गुरवकाका?"

"सून शोधायची," ते म्हणाले. "तुमचं लगीन लावायला आता येळ न्हाय."

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. कोंडसर हे कोकणातलं, घाटाच्या अगदी पायथ्याशी टेकलेलं गाव. गावाबाहेर नदीचा खोल डोह आहे, त्याला माहेरडोह म्हणतात. काठावर पाणजाईचं कौलारू देऊळ, आणि डोहात महसीर जातीचे मासे, काही तर हातभर लांब. देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी गळ लावत नाही.

मी तेव्हा सह्याद्रीतल्या महसीर माशांची नातीगोती शोधत होते. काम सोपं होतं, निदान सांगायला. प्रत्येक माशाच्या पेशीत डीएनएचा एक छोटा तुकडा असा असतो, जो फक्त आईकडून येतो. तिला तिच्या आईकडून आलेला असतो, आणि तिला तिच्या. पिढ्या जातात तशी त्यातली एखाददुसरी अक्षरं बदलतात. दोन माशांची अक्षरं ओळीने शेजारी मांडायची आणि फरक बघायचे. फरक थोडे असले तर दोघांच्या आया जवळच्या, फार असले तर लांबच्या. घाटाखालच्या नद्या पश्चिमेला समुद्रात जातात, घाटावरच्या पूर्वेला वाहतात, आणि मासा काही घाट चढत नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या आया वेगळ्या निघायला हव्यात, आणि सगळीकडे तशा निघतही होत्या. फक्त कोंडसरच्या काठावर सापडलेले दोन गळून पडलेले खवले हट्टाने सांगत होते की आम्ही घाटावरचे. माझे मार्गदर्शक सबनीस सर यांच्या मते मीच नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल केली होती. ते मला फार लागलं होतं, म्हणून मी स्वतः आले होते.

हे सगळं मी गुरवांना सांगितलं, तर ते हसले.

"अदलाबदल कशाला व्हईल? आमच्या निम्म्या सुना घाटावरच्या. मग मासे कुठले आसणार?"

कोंडसरात लग्न होऊन येणारी मुलगी माहेरच्या नदीतलं माशाचं एक पिल्लू कळशीतून घेऊन येते. वरात घरी जाण्याआधी डोहावर थांबते. नवरी पायऱ्या उतरते, कळशी पाण्यात रिकामी करते, आणि तेव्हापासून ती गावची सून.

"माहेरचा जिता जीव पाण्यात सोडायचा," गुरव म्हणाले. "डोहानं घेतला की गावानं घेतली. ही पाणजाईची आज्ञा हाय."

सून वारली की तिच्या नावाचा दगड शेंदूर लावून काठावर बसवतात. तशी दगडांची लांब ओळच तिथे होती. भाद्रपदात अविधवा नवमीला गावातल्या लेकी आपापल्या आईच्या दगडापुढे ताट ठेवतात आणि त्यातला पहिला घास डोहात टाकतात. बाकी ठिकाणी ही नवमी सवाष्ण गेलेल्यांची. कोंडसरात असा भेद नाही. माशाने घास घेतला की आई जेवली.

मी तिथेच पायरीवर बसले. जे कोडं सोडवायला मी पुण्याहून आले होते त्याचं उत्तर लग्नाच्या वरातींमध्ये होतं. इतका आनंद मला पुढे पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही.

गुरवांनी देवीला फुलांचा कौल लावला. उजवीकडचं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार, पण अटींसकट. रक्त काढायचं नाही आणि मासा पाण्याबाहेर आणायचा नाही. म्हणून शेवंताला बोलावलं. ती दोन वर्षांपूर्वी आलेली धीट सून. तिने माझे हातमोजे घातले, कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि कुरमुरे टाकायला लागली. मासे जवळ आले की ती कापूस गुंडाळलेली काडी त्यांच्या अंगावरून फिरवायची आणि माझ्याकडे द्यायची. मी ती नळीत घालून झाकण लावायची.

"म्हंजी बापाचं काहीच न्हाय का वो ताई ह्यात?" तिने विचारलं.

"या तुकड्यात नाही."

"कुठंतरी न्हाय म्हनायचं एकदाचं," ती म्हणाली, आणि गुरवांनी मान दुसरीकडे वळवली.

सगळ्यात शेवटी एक मासा तळातून सरळ वर आला. रंगाने काळपट, आणि इतरांसारखी धांदल अजिबात नाही. शेवंताने त्याच्यापुढे कुरमुरे टाकले, त्याने तोंड उघडलं नाही. तो एका जागी थांबला होता आणि त्याचं तोंड पायऱ्यांकडे होतं. मी मागे वळून पाहिलं. वरच्या पायरीवर गोजराबाई बसली होती. तिच्याच घरी मी उतरले होते. ती गावची लेक, नवरा वारल्यावर परत आलेली, म्हणून पाण्यात उतरू शकत नव्हती.

"ही मुकी," शेवंता आवाज उतरवून म्हणाली. "कुणाच्या हातचं खात न्हाय. गोजराआत्या काठावर आली की वर येती. माझी सासू म्हणती, तिच्या लग्नाच्या आधीपासनं हाय."

शेवाळ खात असेल, मी मनाशी म्हटलं. महसीर काहीही खातो. पण शेवंताने मुकीच्या अंगावरून काडी फिरवली तेव्हा मुकी हललीसुद्धा नाही, आणि मला उगाच वाटलं की लवकर आटपावं.

संध्याकाळी गोजराबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मधेच म्हणाली, "ताई, मासा मेला का जगला, हे तुमच्या यंत्रात कळतं का?"

"कुठला मासा?"

तिची आई ठकू, घाटावरच्या आंबेघळची. ते गाव गवळण नदीच्या काठी होतं, आता धरणाखाली गेलंय. लग्नाच्या वेळी मंडळी घाट उतरत असताना कळशी हिंदकळली, पाणी सांडलं. डोहावर येऊन ठकूने कळशी ओतली तर मासा उताणा तरंगला. सगळ्या वऱ्हाडाने बघितला. घरी घेतलं तिला, पण सून म्हणून नाही. गावात गुरं दगावली की ठकूमुळे, विहिरीचं पाणी आटलं की ठकूमुळे.

"मी चार वर्सांची आसंन, आय डोहात गेली," गोजराबाई म्हणाली. "अंगसुदिक सापडलं न्हाय. आन् सून न्हवती म्हणून दगडबी न्हाय. नवमीला साऱ्याजणी ताटं घेऊन जातात. मीबी ताट करती. घरातच झाकून ठेवती आन् दुसऱ्या दिशी गाईला घालती."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "तो मासा मेला नसंल तर, ताई? गपगार झाला आसंल, पाण्यात गेल्यावर हालला आसंल. मग त्याची पिल्लं आसतील न्हवं डोहात?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आंबेघळ बुडालं तरी गवळण नदीच्या वरच्या अंगाला महसीर आहेत, त्यांची अक्षरं आमच्याकडे होती. त्या नदीकाठची दुसरी सून गावात नव्हती, म्हणून त्या आयांची एक जरी लेक डोहात निघाली, तर ठकूचा मासा जगला होता. सकाळी मी गुरवांकडे गेले.

"निघू द्या की," ते म्हणाले. "ठकूच्या माहेरचं काही निघालं, तर ह्या हातानं दगड बसवीन. न्हाय निघालं तर मला पुन्ना विचारायचं न्हाय."

गोजराबाईला मी सांगितलं, "असेल तर सांगेन, नसेल तरी सांगेन."

"नसंल तरी सांगा," ती म्हणाली. "वाट बघून कंटाळा आलाय."

पुण्यात निकाल येत गेले तसे सबनीस सर खुलत गेले. डोहात घाटावरच्या कितीतरी नद्यांच्या आया होत्या. गावातल्या सुनांची माहेरं नकाशावर मांडली आणि शेजारी माशांच्या आयांचा वंशवृक्ष ठेवला, तर दोन्ही एकमेकांशी बोलत होते. शेवंताच्या नदीचेही मासे होते. गवळण नदीचा मात्र एकही नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं आणि मला फार वाईट वाटलं.

राहिली होती एक नळी, मुकीची. तिच्यात मासाच नव्हता. अक्षरं माणसाची होती.

"तुझा घाम पडला असेल," सर म्हणाले. "फेकून दे."

असं होतं. आमच्या कामात माणसाचा डीएनए आगंतुकासारखा कुठेही घुसतो. पण तेव्हा माशाची आणि माणसाची अक्षरं एकमेकांवर चढून आलेली दिसतात. इथे तसा काही गोंधळ नव्हता, स्वच्छ एकच वाचन. दुसऱ्यांदा केलं, तेच आलं. मी माझी स्वतःची अक्षरं काढली, जुळली नाहीत. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांची तपासली, तीही नाहीत. मग हट्टाला पेटून श्रावणात पुन्हा कोंडसरला गेले आणि शेवंताच्या गालाच्या आतून काडी फिरवून आणली. गोजराबाईचीही आणली, केवळ उपचार म्हणून. माशांचे नमुने घेतले त्या दिवशी ती खाली आलीच नव्हती.

"मला कशाला?" तिने विचारलं.

"सगळ्यांचीच घेतेय," मी म्हणाले.

शेवंताची जुळली नाहीत. गोजराबाईची अक्षरन् अक्षर जुळली. त्यात दोन बदल असे होते जे आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही माणसात नव्हते. ते दोन्ही मुकीच्या नळीत जागच्या जागी होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मग मी खुर्चीत बसून शहाण्यासारखा विचार केला. नमुने घेतले त्याच्या आदल्या दिवशी पेटी गोजराबाईच्या घरी होती. तिने उघडून पाहिली असेल, एखाद्या काडीला हात लागला असेल. नेमकी तीच काडी नेमकी मुकीच्या वेळी वापरली गेली असेल. अशक्य नव्हतं.

दिलेला शब्द पाळायला मी अविधवा नवमीला गेले. पाऊस उघडला होता. देवळासमोर बायका केळीच्या पानाने झाकलेली ताटं घेऊन जमल्या होत्या. पायऱ्यांपाशी गुरव, पलीकडे शेवंता, आणि सगळ्यांच्या मागे रिकाम्या हाताने गोजराबाई.

"बोला," गुरव म्हणाले.

"गवळण नदीचा मासा डोहात नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

गोजराबाईने मान हलवली. रडली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि घराकडे वळली.

"आन् मुकीचं?" शेवंताने विचारलं. "तिच्याबी अंगावरनं काडी फिरवली व्हती मी. ती कुठली निघाली?"

गोजराबाई थांबली.

"ती नळी बिघडली," मी म्हणाले. "तिच्यात माशाचं नाही, माणसाचं आलं."

"कुणा माणसाचं?" गुरवांनी विचारलं.

"गोजराबाईंचं. पेटी त्यांच्या घरी होती, हात लागला असणार."

"म्यां न्हाय लावला हात," गोजराबाई लांबूनच म्हणाली. "देवीचं काम. मी कशाला लावू?"

गुरव माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची नेहमीची मिस्कील छटा गेली होती.

"बाय, तुमी म्हणाला व्हता, तो तुकडा आयकडनं येतो."

"हो."

"जसाच्या तसा?"

"एका पिढीत सहसा जसाच्या तसा."

"मग तुम्हाला जे गावलं, ते गोजराचं का तिच्या आयचं?"

हा प्रश्न मला प्रयोगशाळेत पडला होता आणि मी तो स्वतःला पुरता विचारू दिला नव्हता. आता सगळा गाव उत्तराची वाट बघत होता.

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "दोघींचं एकच असतं."

खाली डोहाच्या कडेला पाणी पायरीला लागून मागे जात होतं.

गुरव पायरीवर बसले. "मी पोरगा व्हतो तवा," ते म्हणाले. "हितंच उभा व्हतो. मासा उताणा पडला तसं माझ्या बापानं ठकूला हितंच आडवलं. म्हणाला, माहेरचा जिता जीव आण, मग ये. ती म्हणाली, आणते." त्यांनी पंचाने तोंड पुसलं. "आमी समजलो मासा आणल. आता आंबेघळ कुठं आन् कोंडसर कुठं. तिला कोण धाडणार व्हतं पुन्ना माहेरी? हितं तिच्याजवळ माहेरचं जितं आसं एकच काय ते व्हतं."

मला कळायला क्षणभर लागला: ठकूने स्वतःलाच डोहात सोडलं होतं. बायकांना आधीच कळलं होतं. कुणीतरी ताट खाली ठेवून डोळ्याला पदर लावला.

"काका, ही आमची चूक असू शकते," मी म्हणाले. "अशा चुका होतात."

"आसंल. तुमची चूक सारं गाव सोडून नेमकी तिच्या आयवर जाऊन बसली, येवढंच मी म्हणतो. आन् मासाच पायजे आसं पाणजाई कधी म्हणाली न्हाय. जिता जीव म्हणाली, माहेरचा. बापानं ऐकलं न्हाय, म्यांबी ऐकलं न्हाय."

त्यांनी नदीच्या पात्रातून एक दगड उचलून आणला, धुतला, शेंदूर लावला आणि ओळीच्या शेवटी बसवला. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. तोवर गोजराबाई घरी जाऊन झाकलेलं ताट घेऊन आली होती. त्या दिवशीचंच होतं, नेहमीसारखं घरात ठेवायला केलेलं. तिने ते दगडापुढे ठेवलं, भाताचा घास घेतला, आणि शेवटच्या कोरड्या पायरीवरून डोहात सोडला.

कुरमुरा पडला तरी उसळणारे मासे त्या दिवशी मागे थांबले. घास पाण्यात विरत, हळूहळू खाली जायला लागला. तेवढ्यात मुकी वर आली. तिने तोंड उघडलं आणि घास घेतला. मी हे माझ्या डोळ्यांनी, चार हातांवरून पाहिलं.

"आये," गोजराबाई म्हणाली, "भात निवला गं."

मुकी खाली गेली आणि मग बाकीचे मासे आले.

परत जाताना गोजराबाईने मला विचारलं, "तिची अक्षरं आन् माझी, कुठंच फरक न्हाय?"

"त्या तुकड्यात तरी नाही."

"मग बरंय," ती म्हणाली. "मी लेक, मला काय दगड लागणार न्हाय. तिचाच पुरंल."

प्रबंधात ती नळी मी घेतली नाही. सरांनी विचारलंही नाही. मुकी त्यानंतर दिसली नाही, असं शेवंता फोनवर सांगायची. मी मनात म्हणायची, जुना मासा, गेला असेल पुरात वाहून.

तीन वर्षांपूर्वी गोजराबाई गेली, घरात, झोपेत. तिला मूलबाळ नव्हतं. त्या नवमीला ठकूच्या दगडापुढे ताट शेवंताने ठेवलं, आणि दुपारी तिचा फोन आला. ती आता स्वतः सासू झालीय, पण आवाज अजून तसाच धीट. त्या दिवशी मात्र ती दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, मुकी आली."

"तीच कशावरून?"

"तीच. आन् येकटी न्हाय. सोबत दुसरी हाय, तशीच काळी. दोघी येकाच घासाला लागल्या." मग आणखी हळू म्हणाली, "तुमी ठिवलेल्या काड्या हायत माझ्याकडं अजून. आत्ता काठालाच हायत दोघी. त्या दुसरीच्या अंगावरनं फिरवून धाडू का?"

मी नको म्हणाले.